राउटर बंद करून पुन्हां सुरू केल्यानें काय होतें?

रात्रीं साडेआठ-नऊचा सुमार असतो. मुलीची शिकवणी संगणकाच्या पडद्यावर चाललेली असते, दुसऱ्या खोलींत कोणी कचेरीचें उरलेलें काम उरकीत असतो, आजोबा परदेशांतील नातवाशीं बोलत असतात, आणि एकाएकीं सर्वांच्या पडद्यांवरील चित्रें थिजून उभीं राहतात. मग घरांतील कोणी तरी उठतो, दाराशेजारच्या फळीवरील राउटरची कळ दाबून तो बंद करतो, मनाशीं दहा अंक मोजतो व पुन्हां चालू करतो. दोन-तीन मिनिटांत सर्व कांहीं पूर्ववत् होतें. हा उपाय कोणी सांगितला हें कोणी विचारीत नाहीं; आजीबाईच्या बटव्यांतील औषधाप्रमाणें तो घरोघर चालत आलेला आहे. गुण येतो, म्हणून विचार तेथेंच थांबतो. वास्तविक विचारास आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

उपाय लागू पडतो ही गोष्टच रोगाची दिशा दाखविते. राउटरपासून निघालेली लहर विटांच्या दोन भिंती ओलांडून मागच्या खोलींत पोंचेपर्यंत क्षीण होते हें खरें. परंतु कळ दाबल्यानें भिंत पातळ होत नाहीं. शेजारच्या बिऱ्हाडांतील राउटर त्याच पट्ट्यांत बोलत असतील, तर तेहि या घरांतील कळ दाबल्यानें गप्प बसत नाहींत. मायक्रोवेव्ह शेगडी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, आणि वाय-फायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचाच आहे. तेव्हां दूध तापत असतां संभाषण तुटावें यांत नवल नाहीं. दूध तापलें कीं तें आपोआप जुळतें. हीं सारीं बाहेरचीं कारणें होत, आणि त्यांवरील उपायहि बहुतेकांस ठाऊक आहेत: पेटी घराच्या मध्यभागीं व उंचावर ठेवावी, जवळच्या खोल्यांतून ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा (भारतांत या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ सालीं परवान्यावांचून वापरण्यास मोकळा झाला), आणि जें यंत्र जागचें हलत नाहीं त्यास सरळ तार जोडून द्यावी. परंतु जें दुखणें कळ दाबल्यानें बरें होतें तें बहुधा हवेंत नसतें. तें पेटीच्या पोटांत असतें. यास एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. कित्येक राउटर सुरू होतांना आसपासचा गलबला ऐकून त्यांतल्या त्यांत मोकळा मार्ग निवडतात, आणि मग दिवसभर त्यालाच चिकटून राहतात. अशा वेळीं पुन्हां सुरू केल्यानें हवेचाहि दोष टळतो. पण नीट पाहिलें तर येथेंहि उणीव पेटीचीच. परिस्थिति पालटली असतां मार्ग पालटावा, ही अक्कल तिला दिलेली नसते.

ही पेटी म्हणजे एक लहानसा संगणकच होय. तिला पडदा नाहीं, कळफलक नाहीं, बाहेरून तीन-चार दिवे तेवढे लुकलुकतात; परंतु आंत गणित करणारा मेंदू आहे, काम करतांना टिपणें ठेवण्याची स्मृति आहे, आणि वीज गेली तरी न पुसणारी एक कायमची जागा आहे. या कायमच्या जागेंत आज्ञांची जी मालिका लिहून ठेविलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. राउटर जें जें करतो तें तें या फर्मवेअरच्या सांगण्यावरून करतो. डिसेंबर २००२ मध्यें लिंकसिस कंपनीनें बाजारांत आणलेला डब्ल्यूआरटी-५४जी हा निळ्या-काळ्या रंगाचा राउटर जगभर खपला. त्याच्या आरंभींच्या आवृत्त्यांत टिपणांची स्मृति १६ मेगाबाइट व कायमची जागा अवघी ४ मेगाबाइट होती; आज फोनवर काढलेलें एखादें छायाचित्र तेवढी जागा घेतें. आजचे राउटर यापेक्षां सधन आहेत. तथापि घराघरांतून स्वस्तांत दिल्या जाणाऱ्या पेट्यांत काटकसर अजून तशीच आहे, आणि काटकसरीच्या संसारांत हिशेब थोडा चुकला तरी तो लवकर भोंवतो.

सर्वांत अधिक भोंवणारा हिशेब नोंदवहीचा असतो. इंटरनेटवर बहुतेक घरांस मिळून एकच पत्ता असतो. आंत मात्र फोन, संगणक, दूरचित्रवाणी संच अशीं दहा-पंधरा यंत्रें नांदत असतात. जुन्या वाड्याच्या देवडीवर एखादा कारकून बसावा, कोणत्या बिऱ्हाडाचें पत्र कोणाकडे गेलें हें त्यानें वहींत टिपावें, आणि उत्तर आलें कीं वही पाहून तें ज्याचें त्यास पोंचतें करावें, तसें हें काम राउटर करीत असतो. एक साधें पान उघडलें तरी अशा कित्येक नोंदी होतात. संभाषण संपलें कीं नोंद खोडावयाची. पण दुसऱ्या टोंकाचें यंत्र निरोप न घेतां निघून गेलें तर? पुष्कळशा राउटरांच्या मुळाशीं लिनक्स ही संगणक-प्रणाली असते, आणि तिच्या मूळ ठेवणींत असें अर्धवट राहिलेलें संभाषण पांच दिवस, म्हणजे ४,३२,००० सेकंद, वहींत जपून ठेवण्याची सोय आहे. मोठ्या यंत्रास हें शोभतें. लहान पेटींत मात्र वही भरते, आणि मग एक चमत्कारिक लक्षण दिसूं लागतें: जो चित्रपट आधींपासून चालू आहे तो बिनतक्रार चालतो, परंतु नवें पान कांहीं केल्या उघडत नाहीं. वाय-फायची खूण पडद्यावर भरलेली दिसते, म्हणून गृहस्थ इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस दोष देतो. वास्तविक देवडीवरील कारकुनाजवळ कोरें पान उरलेलें नसतें, एवढेंच.

दुसरा प्रकार याहून कपटी. लग्नकार्यास भांडीं भाड्यानें आणावीं आणि कार्य उरकल्यावर चार-दोन परत करावयाचीं राहावींत, तसें कांहीं फर्मवेअरांत घडतें. प्रत्येक लहान कामासाठीं स्मृतींतील थोडी जागा मागून घेतली जाते व लेखकाच्या हातून राहून गेलेल्या एखाद्या ओळीमुळें ती परत केली जात नाहीं. एका वेळची गळती क्षुल्लक असते. दोन-तीन आठवड्यांनीं स्मृति संपते, राउटर अडखळतो, आणि कळ दाबली कीं सर्व भांडीं एकदम परत गेल्यासारखीं होतात. ज्या घरांत राउटर ठराविक दिवसांच्या अंतरानें आजारी पडतो, तेथें अशा गळतीचा संशय घेण्यास हरकत नाहीं.

काळ मोजण्याच्या चुकीची गोष्ट तर मासलेवाईक आहे. यंत्रें सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद लोटले हें मोजीत असतात, आणि हा आंकडा पुष्कळदां बत्तीस द्विमान अंकांच्या घरांत लिहितात. त्या घरांत ४,२९,४९,६७,२९६ इतक्या वेगवेगळ्या संख्या मावतात. पुढें मोजणी पुन्हां शून्यावर येते. मिलिसेकंदांत हा काळ ४९ दिवस व १७ तासांहून किंचित् अधिक भरतो. शून्यावर आलेला आंकडा पाहून ज्या आज्ञावलीस काळ उलटा वाहूं लागला असें वाटतें, ती त्या क्षणीं गोंधळते. विंडोज ९५ व विंडोज ९८ या प्रणालींत नेमका हाच दोष होता, आणि तो उघडकीस यावयास १९९९ साल उजाडावें लागलें. त्या काळचे संगणक इतर कारणांनींच इतक्या वेळां बंद पडत कीं पन्नास दिवस अखंड चालण्याचा प्रसंगच सहसा येत नसे! राउटर मात्र महिनोन् महिने चालूच असतो. त्यामुळें संगणकांत जी चूक झांकून जाई, ती येथें उघडी पडते.

एवढ्यावरून सारा दोष राउटरच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें होईल. जानेवारी २०१८ मध्यें अनेक देशांतील घरांतून अशा तक्रारी येऊं लागल्या कीं गूगल कंपनीचें बोलकें उपकरण किंवा क्रोमकास्ट घरांत आणल्यापासून वाय-फाय वारंवार कोसळतें. निरनिराळ्या कंपन्यांचे राउटर यांत सांपडले होते. टीपी-लिंक कंपनीच्या अभियंत्यांनीं जें कारण शोधलें तें असें: फोन व हीं उपकरणें एकमेकांस हुडकण्यासाठीं दर वीस सेकंदांनीं एक लहानसा पुकारा घरभर करीत असत. फोन झोंपीं गेला कीं पुकारे थांबत, परंतु त्यांची उधारी सांचत राही. आणि फोन जागा झाला कीं सारे तुंबलेले पुकारे एका दमांत बाहेर पडत. झोंप जितकी दीर्घ तितका लोंढा मोठा. कधीं कधीं ही संख्या एक लाखावर जाई. गूगलनें चूक मान्य केली व त्याच महिन्यांत दुरुस्ती पाठविली. चूक फोनमधील आज्ञावलीची होती यांत शंका नाहीं. पण एका फोनच्या आरडाओरडीनें सबंध घराचा राउटर बेशुद्ध पडावा, हें राउटरलाहि भूषणावह नव्हे. देवडीवरच्या माणसानें एखाद्या अतिबोलक्या भाडेकरूस आंवरतां येण्याइतकें तरी खंबीर असावें.

येथवरचीं दुखणीं घरांतल्या घरांत राहणारीं होतीं. फर्मवेअरमधील चूक उंबरठा ओलांडून परक्यांच्या दारीं कशी जाते, याचें नामांकित उदाहरण अमेरिकेंत मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठांत घडलें. हें विद्यापीठ इंटरनेटवर अचूक वेळ सांगणारा एक संगणक लोकोपयोगासाठीं चालवीत असे. मे २००३ मध्यें या संगणकाकडे वेळ विचारणाऱ्या संदेशांचा पूर लोटला. सेकंदास सुमारें ४०,००० संदेश येत होते. व्यवस्थापकांस प्रथम वाटलें कीं कोणी दुष्टबुद्धीनें हल्ला केला आहे. सारे संदेश एकाच ठराविक खुणेचे होते, म्हणून त्यांनीं ते वेशीवरच अडविले. हल्लेखोर कंटाळून थांबेल, असा सरळ हिशेब होता. परंतु जूनमध्यें पाहावें तों संदेश सेकंदास अडीच लाखांवर गेलेले!

शोध घेतां घेतां विद्यापीठांतील अभियंता डेव्ह प्लोंका यांनीं गूढ उकललें. हल्लेखोर कोणीच नव्हता. नेटगिअर कंपनीच्या कांहीं स्वस्त घरगुती राउटरांच्या फर्मवेअरमध्यें या विद्यापीठाच्या संगणकाचा पत्ता कायमचा लिहून ठेवलेला होता, आणि त्याची कल्पना विद्यापीठास नव्हती. राउटर सुरू झाला कीं तो तेथें वेळ विचारी. उत्तर मिळालें कीं स्वस्थ बसे; उत्तर न मिळाल्यास दर सेकंदास पुन्हां विचारी, आणि विचारतच राही. थांबावें केव्हां, हें त्यास कोणी शिकविलेंच नव्हतें. आतां पहिल्या उपायाचा परिणाम ध्यानांत येतो. दार लावून घेतल्यामुळें याचकांची संख्या घटण्याऐवजीं त्यांचें दार ठोठावणें वाढलें. कंपनीच्या अंदाजानें अशा राउटरांची संख्या सात लाखांवर होती.

या प्रकरणांतील खरी अडचण चूक सांपडल्यानंतरची आहे. कंपनीनें सुधारलेलें फर्मवेअर तयार केलें आणि पुढें विद्यापीठास ३,७५,००० डॉलरची देणगीहि दिली. पण सात लाख पेट्या दुकानांतून घरांत गेल्या होत्या. ज्या गृहस्थाचा राउटर विद्यापीठास सेकंदागणिक पिडीत होता, त्याच्या स्वतःच्या घरांत सर्व कांहीं सुरळीत चाललें होतें. त्यास ना लक्षण दिसत होतें, ना दुरुस्ती बसविण्याची गरज भासत होती. मोटारगाडींत दोष निघाला तर कारखाना ती परत बोलावतो. फळीवर धूळ खात बसलेल्या पेटीला परत बोलावणारा कोण? घराचा राउटर जरी एका कुटुंबाच्या मालकीचा असला, तरी त्यांतील चूक खाजगी राहत नाहीं.

आतां कळ दाबून जें मुळींच बरें होत नाहीं अशा दुखण्याकडे वळावयास हवें. कारण शहरी घरांतील निम्मी चिडचिड यापासून उत्पन्न होते, आणि पैसे खर्चूनहि ती शमत नाहीं. जिम गेटिस हे अमेरिकेंतील नांवाजलेले संगणकतज्ज्ञ. २०१० सालीं ते आपल्या जुन्या कागदपत्रांच्या प्रती घरून एमआयटी या संस्थेंतील संगणकाकडे पाठवीत होते. तें मोठें काम चालू असतां घरांतील बाकीचें इंटरनेट निरुपयोगी झाल्याचें त्यांच्या ध्यानांत आलें. एक लहानसा संदेश पाठवून त्याचें उत्तर येण्यास एरवीं सेकंदाचा अल्पसा अंश पुरे. तो काळ आतां एक सेकंदाहून अधिक झाला होता. लहर क्षीण नव्हती, वेगाचा करारहि पुरेसा होता. मग पुडकीं अडलीं कोठें? गेटिस यांस उत्तर मिळालें तें असें, कीं तीं रांगेंत उभीं होतीं. आणि रांग घरच्याच यंत्रांच्या पोटांत होती.

हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें. इंटरनेटवर प्रत्येक मजकूर लहान लहान पुडक्यांत वाटून पाठविला जातो. वाट अरुंद असेल तेथें पुडक्यांची रांग लागते आणि रांगेची जागा भरली कीं पुढचें पुडकें टाकून दिलें जातें. हें टाकून देणें अपघात नव्हे, तो एक संकेत आहे. ऑक्टोबर १९८६ मध्यें कॅलिफोर्नियांत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली विद्यापीठ यांमधील अवघ्या ४०० यार्डांच्या मार्गावर वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला होता, कारण पाठविणारे सर्वच जण वाट तुंबलेली असतांहि पाठवीत राहिले. तेव्हां व्हॅन जेकबसन यांनीं नियम घालून दिला, आणि १९८८ सालीं तो प्रसिद्ध झाला: पुडकें हरवलें असें दिसतांच पाठविणाऱ्यानें हात आंखडता घ्यावा. इंटरनेट आजवर टिकून आहे तें बऱ्याच अंशीं या संयमामुळें.

पुढें स्मृतीचे भाव उतरले. राउटर व मोडेम बनविणाऱ्यांस वाटलें कीं पुडकें टाकणें म्हणजे गिऱ्हाइकाचें नुकसान. तेव्हां रांगेसाठीं जागा ऐसपैस ठेवावी. हेतु चांगला होता. परंतु रांग कधींच भरेना, पुडकें कधींच टाकलें जाईना, आणि म्हणून पाठविणाऱ्यास हात आंखडण्याची खूण कधीं वेळेवर मिळेना. एका फोननें दिवसभरांतील छायाचित्रें दूरच्या साठवणींत पाठविण्यास सुरुवात केली कीं सबंध रांग त्याच्या पुडक्यांनीं भरते. मागून आलेलें शिकवणीचें किंवा आजोबांच्या संभाषणाचें पुडकें निमूटपणें तिच्या शेवटीं उभें राहतें. गेटिस यांनीं या विकारास बफरब्लोट असें नांव दिलें. रांगेला आलेली सूज, असा त्याचा भावार्थ. अशा घरीं अधिक वेगाची, अधिक भाड्याची जोडणी घेतली तरी सूज पुष्कळदां कायम राहते. वेग मोजणारीं साधनें मोठा आंकडा दाखवितात, पडदा मात्र थिजतो, आणि नवरा-बायकोंत कोणाचा फोन दोषी यावर वाद होतो.

औषध निघालें तें २०१२ सालीं, आणि तें शोधणाऱ्यांत पुन्हां व्हॅन जेकबसन होते. त्यांच्या जोडीला कॅथलीन निकोल्स होत्या. त्यांच्या कोडेल नामक पद्धतींत रांग किती लांब आहे हें पाहावयाचें नाहीं. पुडकें रांगेंत किती वेळ उभें होतें तें पाहावयाचें. सतत १०० मिलिसेकंदांपर्यंत कोणतेंच पुडकें ५ मिलिसेकंदांच्या आंत बाहेर पडत नसेल, तर एखादें टाकून खूण द्यावयाची. त्याच वर्षीं एरिक ड्युमाझे यांनीं तीस दुसरी युक्ति जोडली: प्रत्येक संभाषणास वेगळी रांग, म्हणजे छायाचित्रांच्या लोंढ्यामागें आजोबांस तिष्ठावें लागूं नये. गेटिस व डेव्ह टॅट यांच्या पुढाकारानें जमलेल्या मंडळींनीं हीं औषधें प्रत्यक्ष घरगुती राउटरांवर घालून पाहिलीं. टॅट २०२५ सालीं वारले. त्यांचें नांव ज्या घरांत कधींहि ऐकलें गेलेलें नाहीं, अशा असंख्य घरांतील बोलणें आज त्यांच्या खटपटीमुळें अडखळत नाहीं.

वाय-फायच्या बाबतींत आणखी एक गांठ सोडवावयाची होती. हवा एकच असल्यामुळें सर्व यंत्रांनीं पाळीपाळीनें बोलावयाचें असतें. नियम असा कीं प्रत्येकास सारख्या पाळ्या. वरकरणीं हा न्याय दिसतो. परंतु मागच्या खोलींतील जुना फोन लहर क्षीण असल्यामुळें सावकाश बोलतो. वाय-फायच्या आरंभींच्या काळांत वेग सेकंदास १ ते ११ मेगाबिट असत. जलद यंत्र १५०० बाइटांचें पुडकें सुमारें एका मिलिसेकंदांत बोलून संपवी, तर मंद यंत्रास बारा मिलिसेकंद लागत. पाळ्या सारख्या असल्या तरी वेळ सारखा होत नाहीं, आणि एका मंद यंत्रामुळें सर्वांचाच वेग त्याच्या पातळीवर येतो. ग्रनोबल येथील संशोधकांनीं २००३ सालीं हें गणितानें दाखवून दिलें. उपाय व्हावयास २०१७ साल लागलें. स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठाचे टोके होइलँड-यॉर्गेनसेन व त्यांचे सहकारी यांनीं लिनक्सच्या वाय-फाय भागांत पाळ्यांऐवजीं वेळ वांटून देण्याची योजना केली, आणि राउटरवर भार असतांनाचा विलंब दहा पटींच्या मानानें कमी झाला. लहर तीच, भिंती त्याच, पेटीहि तीच. बदलल्या त्या केवळ आज्ञा.

आज्ञा बदलतां येतात, हीच यांतील आशेची जागा. आणि बहुतेक घरांतून त्या कधींच बदलल्या जात नाहींत, ही कष्टाची. पेटीच्या आंतील मुख्य भाग एक कंपनी बनविते, त्यावरील मूळ आज्ञावली तिच्याकडूनच येते, दुसरी कंपनी तिच्यावर आपलें नांव घालते, आणि पुष्कळदां इंटरनेट पुरविणारी तिसरीच कंपनी ती घरांत आणून बसविते. या हस्तांतरांत आज्ञावली विक्रीच्या दिवशींच कांहीं वर्षांची जुनी झालेली असते. पेटी विकली गेली कीं तिच्यावर मेहनत घेण्यांत कोणाचाच फायदा उरत नाहीं. या कोंडींतून एक वाट अनपेक्षितपणें निघाली. मघां उल्लेखिलेल्या डब्ल्यूआरटी-५४जी राउटरचें फर्मवेअर लिनक्सवर उभें असल्याचें २००३ सालीं कांहीं चिकित्सक लोकांच्या ध्यानांत आलें. लिनक्सच्या परवान्याची अट अशी कीं जो तें वांटील त्यानें मूळ लेखनहि खुलें करावें. कंपनीस तें खुलें करावें लागलें, आणि त्याच्या आधारें २००४ सालीं ओपनडब्ल्यूआरटी हा सार्वजनिक प्रकल्प उभा राहिला. सुजेवरील औषध प्रथम पोंचलें तें अशाच खुल्या फर्मवेअरमधून. २००५ च्या अखेरीस कंपनीनें त्याच नांवाच्या राउटरची पांचवी आवृत्ति काढली, तींत स्मृति निम्मी केली व लिनक्सहि काढून टाकलें. खोक्यावरील चित्र मात्र तेंच राहिलें. म्हणून राउटर ओळखावयाचा तर पुढील नांवावरून नव्हे, तर तळाशीं चिकटविलेल्या चिठ्ठीवरील बारीक अक्षरांतल्या आवृत्तीच्या आंकड्यावरून.

दुरुस्ती न मिळालेल्या पेट्यांचा उपयोग चोरहि करतात. मे २०१८ मध्यें व्हीपीएनफिल्टर नांवाच्या घातक आज्ञावलीनें ५४ देशांत निदान पांच लाख यंत्रें, त्यांत मुख्यतः घरगुती व लहान कचेऱ्यांतील राउटर, ग्रासल्याचें सिस्को कंपनीच्या संशोधकांनीं जाहीर केलें. त्यावर अमेरिकेच्या एफबीआय या तपास-खात्यानें जनतेस सल्ला दिला तो कोणता? राउटर बंद करून पुन्हां सुरू करा! आजीबाईच्या बटव्यास सरकारी मान्यता मिळाली असें क्षणभर वाटावें. परंतु त्या उपायानें किडीचा वरचा भागच नाहींसा होत असे; मूळ कायमच्या जागेंत शिरलेलें असल्यामुळें वीज गेली तरी तें टिकून राही. तें उपटण्यास राउटर कारखान्यांतून आला तशा अवस्थेस नेऊन नवें फर्मवेअर घालणें अवश्य होतें. ब्रिटननें २९ एप्रिल २०२४ पासून अंमलांत आणलेल्या कायद्यानें अशा वस्तु विकणारांवर बंधन घातलें, कीं सुरक्षिततेच्या दुरुस्त्या निदान कोणत्या काळापर्यंत मिळतील हें त्यांनीं गिऱ्हाइकास आधीं सांगावें. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, मग राउटरवर कां नको?

दुखणें कोणत्या जातीचें आहे हें घरच्या घरीं ताडतां येतें. वाय-फाय अडखळत असतां राउटरपाशीं जाऊन उभें राहावें. तेथें सर्व ठीक चालत असेल, तर दोष भिंतींचा. जवळ जाऊनहि चालत नसेल, तर संगणकास राउटरपासून तार जोडून पाहावी. तारेवर सुरळीत आणि हवेंत नाहीं, असें झाल्यास बिनतारी भागाकडे पाहावें. तारेनेंहि नवीं पानें उघडत नाहींत, परंतु चालू असलेलें चालतें, अशी अवस्था असेल तर नोंदवही भरली असण्याचा संभव मोठा. आणि कोणी मोठें काम पाठवीत असेल तेवढ्याच वेळीं सर्वांचें बोलणें तुटत असेल, तर ती रांगेची सूज. तिथें कळ दाबून उपयोग नाहीं. कित्येक नव्या राउटरांत रांगेवर लक्ष ठेवण्याची सोय असते, ती चालू करावी, आणि पाठविण्याचा वेग करारांतील वेगापेक्षां किंचित् कमी नेमून द्यावा, म्हणजे रांग जेथें औषध आहे अशा पेटींतच लागते. नवें फर्मवेअर घालावयाचें तें नेमक्या त्याच आवृत्तीसाठीं बनविलेलें असल्याची खात्री करून, आणि वीज जाण्याचा संभव नसेल अशा वेळीं. गांवांत भारनियमन असेल तर पेटी आधीं इन्व्हर्टरवर घ्यावी. कायमच्या जागेंतील जुन्या आज्ञा पुसल्या गेल्या आहेत व नव्या अर्ध्याच उतरल्या आहेत, अशा क्षणीं वीज गेली तर पेटी पुन्हां उठेलच असा भरंवसा नाहीं. त्या पांच-दहा मिनिटांत दिवे कसेहि लुकलुकोत, घरांतील कोणीहि कळेला हात लावूं नये.